पेन्शन हाच आमचा सातबारा
(अकोल्यात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांपुढे केलेलं भाषण)



पहाटे चारला तुम्ही रोडवर धावता, मी पाहतो. 'जाऊ नका' म्हणायला मी उभा नाही. माझ्या घरची भाकर फौजेचीच होती.

माझा बाप महार रेजिमेंटमध्ये. बडनेऱ्याच्या फलाटावर काळी ट्रंक घेऊन सागरच्या गाडीत बसला तेव्हा एकोणीस वर्षांचा. गावात मान खाली घालून चालणारं पोट्टं पहिल्या सुट्टीला ताठ आलं. पाटलाच्या ओट्यासमोरून सायकलीवरून न उतरता गेलं! गावाच्या पोटात दुखलं. हे फौजेनं केलं, मान्य करा. बाबासाहेब १८९१ साली महूच्या छावणीत जन्मले. रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेत हेडमास्तर होते. पुढं त्याच दशकात इंग्रजांनी आमची भरती बंद केली. १८९४ ला वलंगकरांनी अर्ज लिहिला, १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांनी. १९१७ ला लढाईसाठी १११ महार पलटण उभी केली, १९२१ ला मोडली. गरज सरली, महार घरी! आजची रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, बेळगावात.

आता घरातलं सांगतो. हे कोणी सांगत नाही.

१९८७ ला बाप शांतिसेनेत श्रीलंकेला गेला. मायला जाफना कुठं ते ठाऊक नव्हतं. पत्ता एकच, मार्फत ५६ ए.पी.ओ. तारवाला दिसला की माय दाराआड. त्याच नोव्हेंबरात ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. त्या मोहिमेत हजारावर जवान गेले. माझा बाप जित्ता आला. पण दिवाळीत फटाका फुटला की खाटेखाली शिरायचा. रात्री तीनदा उठून दाराची कडी पाहायचा. मी दहा वर्षांचा, त्याच्या पायांचा आवाज आला की कणगीमागं लपायचो. गाव म्हणे दारूनं बिघडला. माय म्हणे, "मी धाडला तो मानूस हा नोहे." अन् मायही ती राहिली नव्हती. मजुरी, बँक, शाळेचे दाखले, सारं तिनंच केलं होतं. आता एका घरात दोन कारभारी. चूल पेटायच्या आधी भांडण पेटायचं.

तरी घर टिकलं. कशावर? पेन्शनवर. गावात ज्याची जमीन त्याचा सातबारा. आमच्या नावावर धुऱ्याएवढी माती नाही. महिन्याच्या त्या पैशावर मी शिकलो, बहीण नर्स झाली. बाप गेला, मायच्या खात्यात आजही कुटुंबपेन्शन येते.

आता तुमचा हिशेब. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना आली. नोकरी चार वर्षं. शंभरातले फार तर पंचवीस पुढं ठेवणार. बाकीच्यांच्या हातात सुमारे ११ लाख ७१ हजार, त्यातला अर्धा तुमच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला अग्निवीर गेला तो बुलढाणा जिल्ह्याचा, आपल्याच वऱ्हाडातला. अशा पोराच्या मायबापाला विम्याचे ४८ लाख आहेत, मदतनिधी आहे. नेमाची कुटुंबपेन्शन नाही.

आता सांगा, माझा बाप जे घेऊन आला, ते चार वर्षांत येत नाही काय? तो तर श्रीलंकेत तेवढाही नव्हता. तेवीस वर्षांचं पोट्टं ते घेऊन घरी येईल, अन् महिन्याच्या एक तारखेला मनीऑर्डर नाही, काही नाही. त्याला कोण सांभाळेल? त्याची माय. कशावर?

माझा भाचा इथं तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्यानं फॉर्म भरला, मी अडवलं नाही. पेन्शनच्या मागणीचा कागद त्या टेबलावर ठेवला आहे. ज्यानं फॉर्म भरला त्यानं सही करूनच जावं. अन् कागद घरी न्या, मायचाही अंगठा घ्या.