आसरा आणि आधार



रजा संपलेली असते, ट्रंक भरून ठेवलेली असते. परंतु सैनिकाचा पाय घराबाहेर निघत नाही. माउली म्हणते, “राहा आणखी चार दिवस.” वात्सल्यातून आलेल्या या शब्दांचे पुढे काय होऊ शकते, हे सैनिकाच्या प्रत्येक घराला ठाऊक असावयास हवे.

१८६०च्या भारतीय दंडविधानात सेनाविषयक अपराधांचे स्वतंत्र प्रकरण होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ते कायम ठेवले. सैनिकाला पळून जाण्यास अपप्रेरणा देणे हा कलम १६३ अन्वये, तर पळून आलेल्या सैनिकाला जाणूनबुजून आसरा देणे हा कलम १६४ अन्वये अपराध आहे. दोहोंना दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आसरा म्हणजे केवळ छप्पर नव्हे. अटक चुकविण्यासाठी पुरविलेले अन्न, पैसा, कपडे, वाहन हे सारे त्यात येते.

या कठोर तरतुदीला एक हळवा अपवाद आहे. पतीला आसरा देणाऱ्या पत्नीला जुन्या कायद्याने वगळले होते. नव्या संहितेने ती सवलत पती व पत्नी दोघांनाही दिली. मात्र ती आसऱ्यापुरतीच आहे, चिथावणीला नाही. आणि आईवडिलांना, भावंडांना ती मुळीच नाही. कायद्याने सहधर्मचारिणीचे मन जाणले, आईच्या काळजाला मात्र सूट दिली नाही.

सैनिकासाठी परिणाम अधिक गंभीर आहेत. १९५०च्या सेना अधिनियमानुसार विनापरवाना गैरहजेरीला तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. परत न जाण्याच्या किंवा नेमून दिलेले कर्तव्य टाळण्याच्या हेतूने केलेल्या पलायनाला सात वर्षांपर्यंत, आणि रणसेवेवर असताना मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. गैरहजेरीला तीस दिवस झाले की चौकशी न्यायालय बसते. पलायनाच्या खटल्याला तर मुदतीची मर्यादाच नाही. वर्षे लोटल्याने तो अपराध पुसला जात नाही. म्हणूनच सुरुवातीचे दिवस लाखमोलाचे आहेत.

घरी थांबलेला प्रत्येक जवान भित्रा असतो, असे समजणे अन्यायाचे ठरेल. कोठे बांधाचा वाद असतो, कोठे आई अंथरुणाला खिळलेली असते, कोठे वरिष्ठाकडून झालेला अन्याय सलत असतो. अशा अन्यायाविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग सेना अधिनियमाच्या कलम २६ मध्येच आहे. विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाचे दिवाणी दावे स्थगित ठेवण्याची सोय १९२५च्या कायद्यात आहे. कुटुंबाच्या अडचणींसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे.

शेजाऱ्याने तलाठ्याकडे एक खेप घालावी, कोणी आजारी माउलीच्या उशाशी बसावे, कोणी जवानासोबत स्थानकापर्यंत जावे. आसरा सैनिकाला लपवितो. आधार त्याला पलटणीत परत पोहोचवितो. समाजाने त्याला आधार द्यावा.