कमी अँपिअरचा धोका

गळीत हंगाम तोंडावर आला की साखर कारखान्यांतली दुरुस्तीची कामं आवरत येतात आणि कित्येक महिने उभे असलेले पंप एकामागून एक सुरू केले जातात. इंजेक्शनच्या पाण्याचे, रसाचे, बॉयलरला पाणी पुरवणारे. यातले बहुतेक सेंट्रिफ्युगल पंप असतात, आणि ते सुरू करण्याची रीत ऑपरेटरला तोंडपाठ असते: सक्शन पूर्ण उघडा, पंप पाण्यानं भरा, डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवा, मग बटण दाबा. रीत बरोबर आहे. पण डिलिव्हरी बंद का ठेवायची आणि किती वेळ ठेवायची, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही. सेंट्रिफ्युगल पंपाचा सर्वांत गंभीर धोका नेमका तिथेच आहे, असं माझं म्हणणं आहे.

मुळात व्हॉल्व्ह बंद ठेवायचा तो मोटरसाठी. या जातीचा पंप जितकं जास्त पाणी फेकतो, तितका मोटरवरचा भार वाढतो. पुढची पाइपलाइन रिकामी असेल आणि व्हॉल्व्ह सताड उघडा असेल, तर पाण्याला अडवणारं काहीच नसतं. पंप क्षमतेबाहेर पाणी ओढतो, अँपिअर चढतात, मोटर ट्रिप होते. शिवाय रिकाम्या पाइपात धावत सुटलेलं पाणी पुढच्या बेंडवर जाऊन आदळतं. व्हॉल्व्ह बंद असताना मोटर हलकी उचलते. मग प्रेशर गेजचा काटा स्थिर झाला की डिलिव्हरी सावकाश उघडायची. हे काम मिनिटाभराच्या आत व्हायला हवं. भरलेली लाइन आणि चांगला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असेल, तर उघड्या डिलिव्हरीवरही पंप सुरू करता येतो, आणि अनेक स्वयंचलित यंत्रणांत तसंच करतात. पंख्याच्या पात्यांसारखा इम्पेलर असलेल्या, म्हणजे अक्षीय प्रवाहाच्या पंपांत तर उलटंच असतं. तिथे व्हॉल्व्ह बंद असतानाच भार सर्वांत जास्त येतो. म्हणून नियम पाठ असून भागत नाही, आपला पंप कोणत्या जातीचा हे माहीत हवं.

आता ते मिनिट लांबलं तर काय होतं, ते आकड्यांत पाहू. समजा, पंपाच्या कवचात २० लिटर पाणी आहे आणि बंद व्हॉल्व्हवर फिरताना इम्पेलर त्यात १० किलोवॅट शक्ती ओततो आहे. पाणी बाहेर जात नाही, म्हणजे ती सगळी शक्ती उष्णतेत बदलते. २० लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे ८४ किलोज्यूल लागतात, आणि इथे मिनिटाला ६०० किलोज्यूल मिळताहेत. म्हणजे मिनिटाला सात अंश. तीस अंशांचं पाणी दहा मिनिटांत उकळीला येईल. कवचाचं लोखंडही उष्णता घेतं, म्हणून पंधरा-वीस मिनिटं धरा. एका चहाच्या सुट्टीइतकाच हा वेळ झाला. आणि रसाच्या पंपात सुरुवातच सत्तर अंशांपासून होत असेल, तर तेवढाही वेळ मिळत नाही. अशा वेळी मेकॅनिकल सीलच्या दोन चकत्यांमधली पाण्याची पातळ फिल्म वाफ होऊन जाते आणि सील कोरडं घासतं; ग्लँड असेल तर पॅकिंग जळतं, स्लीव्हवर चरे पडतात. सक्शन उघडं असलं तर तापलेल्या पाण्याला मागे सरकायला निदान वाट तरी असते. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असले तर तीही नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ते प्रसरण पावताना दाब झपाट्यानं चढतो. कवच फुटलं तर शंभर अंशांच्या वर गेलेल्या त्या पाण्याचा बराच भाग क्षणात वाफ होतो, आणि एक लिटर पाण्याची सुमारे सोळाशे लिटर वाफ होते. ओतीव लोखंडाचे तुकडे मग गोळ्यांसारखे उडतात.

यावर नेहमीचं उत्तर असं, की आमच्या पॅनलला ओव्हरलोड रिले आहे. पण तो रिले जास्त करंटवर ट्रिप होतो, आणि इथे करंट कमी झालेला असतो! पॅनलसमोर उभ्या असलेल्या माणसाला अँपिअर उतरलेले दिसतात आणि पंप आरामात चाललाय असं वाटतं. इथे हवा अंडरलोड रिले, म्हणजे भार ठरावीक मर्यादेखाली गेला की मोटर बंद करणारा. दुसरी हरकत बायपास लाइनची: पाणी परत टाकीत सोडलं की वीज वाया जाते. सतत उघड्या बायपासबद्दल ही तक्रार खरी आहे. पण प्रवाह घटल्यावरच उघडणारे स्वयंचलित व्हॉल्व्ह मिळतात, आणि बॉयलर फीड पंपावर कमीत कमी प्रवाहाची अशी काही तरी सोय असायलाच हवी. प्रवाह कमी करायचा म्हणून सक्शन आवळणं हा मात्र उपाय नव्हे. त्यानं कॅव्हिटेशन होतं आणि इम्पेलर कुरतडला जातो.

दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप मुद्दाम कुणी चालवत नाही. दुरुस्तीसाठी ते बंद केलेले असतात, फिटर जेवायला गेलेला असतो, आणि टाकीची पातळी घटली म्हणून स्टँडबाय पंप आपोआप सुरू होतो. किंवा कंट्रोल रूममधून शेजारच्या पंपाऐवजी चुकून याचंच बटण दाबलं जातं. म्हणून व्हॉल्व्ह बंद केला की त्या पंपाचा आयसोलेटरही बंद करून त्याला कुलूप लावावं आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. हंगामाआधी मोटरची वायर सोडली-जोडली असेल, तर फिरण्याची दिशा कपलिंग सोडूनच तपासावी. आट्यांवर बसवलेला इम्पेलर उलट फिरला तर सुटून येतो, आणि आट्यांचा नसला तरी उलटा फिरणारा पंप थोडा दाब दाखवतोच, त्यामुळे चूक लवकर कळत नाही.

आणि बंद व्हॉल्व्हवर तापलेला पंप आढळलाच, तर त्याच्याजवळ जाऊ नका. वीज लांबून, पॅनलवरूनच तोडा. घाईनं डिलिव्हरी उघडू नका, कवचावर गार पाणी ओतू नका, आसपासची माणसं बाजूला काढा. तापमान उतरल्याची लांबूनच, टेंपरेचर गननं, खात्री झाल्यावर फिटरनं एअर कॉक हळूहळू उघडून आतला दाब काढावा, आणि सील, पॅकिंग, बेअरिंग उघडून पाहिल्याशिवाय तो पंप पुन्हा लाइनीवर घेऊ नये.