शिदोरी घड्याळ पाहून बांधावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अशा समारंभात मोठमोठ्या विषयांवर बोलणाऱ्या विदुषी आपल्यात पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याला आलेला विषय चुलीजवळचा आहे. लहान मुले बरोबर घेऊन लांबच्या वाटेला निघताना खाण्याचे काय न्यावे, एवढाच. परंतु चुलीजवळचा म्हणून तो हलका समजू नका. घरी मूल आजारी पडले तर शेजारीण धावून येते, डॉक्टर गावात असतात. भर दुपारी हमरस्त्यावर, चालत्या गाडीत, पोराच्या घशात काही अडकले किंवा त्याला उलट्या-जुलाब लागले, तर आईला कोण? म्हणून म्हणते, हा विषय चवीचा कमी आणि जिवाचा अधिक आहे.

आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा 1932 साली त्या राज्याच्या रेल्वेखात्याने 27 मोटारगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. त्या काळी बाईमाणसाचा प्रवास म्हणजे माहेर, सासर आणि एखादी यात्रा. आता तसे राहिले नाही. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट झाले, आणि 5 वर्षांखालच्या लेकराला तर तिकीटच नाही. कुणाची मुलगी पुण्याला, कुणाचा भाऊ हैदराबादला. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर हे तर नेहमीचेच. बायका बाहेर पडू लागल्या याचा मला फार आनंद वाटतो. पण प्रवास वाढला तरी पोरांची पोटे तेवढीच नाजूक आहेत.

शिदोरी म्हटली की मला सुदाम्याचे पोहे आठवतात. गरिबीमुळे त्याने पोहे नेले, असे आपण म्हणतो. ते खरेच, पण दुसरेही एक पाहा. एवढ्या लांबच्या वाटेला ते पोहे टिकले! त्या बाईने दहीभात बांधून दिला असता, तर द्वारकेला पोहोचेपर्यंत त्याचे काय झाले असते, ते सांगावयास नको.

यातली गोम अशी. अन्न नासते ते त्यातल्या ओलाव्याने आणि उष्म्याने. तांदळात काही जंतूंची बीजे असतात. भात शिजला तरी ती मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती उगवतात, आणि त्यांनी भातात सोडलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून भात, खिचडी, वरण, दूध, चिरलेली फळे असे ओले पदार्थ बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नयेत. पारा 32 अंशांच्या वर असेल, तर एक तासच. आपल्याकडे वैशाखात 40 अंश म्हणजे काही नवल नाही, आणि उन्हात उभी केलेली बंद गाडी तर भट्टीच असते. तेव्हा शिदोरी बांधताना डब्याकडे पाहण्याआधी घड्याळाकडे पाहावे. कोणता जिन्नस किती वाजता खाल्ला जाणार, हे ठरवावे आणि मगच चूल पेटवावी. माझे सारे भाषण या एका वाक्यात आले, असे समजा.

हे शहाणपण आपल्या आया-आज्यांना ठाऊक होते. येळवशीला आपण शेतात काय नेतो? भज्जी, उंडे, खीर आणि आंबील. सण थंडीतला, शेत जवळचे, आणि जेवण दुपारीच उरकायचे. म्हणून ओली भज्जी चालते. आंबील आंबट असते, आणि आंबटपणा नासण्याला आवर घालतो. पण लांबच्या वाटेला निघताना त्यांनीच दशम्या केल्या, धपाटे केले. आपले गाव सीमेवरचे. कानडी बोलणाऱ्या शेजारणींच्या घरची ज्वारीची कडक भाकरी आपण सगळ्यांनीच खाल्ली आहे. तिच्यातले पाणी उडालेले असते, म्हणून ती दिवसेंदिवस राहते. शेंगदाणे आणि गुळाची शेंगापोळी तशीच. चार दिवस सहज राहते आणि मुलांना आवडतेही. ही आपल्या मातीतली शिदोरी आहे. ती सोडून आपण दुकानात रंगीत पुड्या कशाला शोधाव्यात?

घड्याळानंतर दुसरी गोष्ट पाहायची ती मुलाचे वय.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचे दूध पुरे. उन्हाळ्यातही वरचे पाणी नको. दूध पाजणाऱ्या आईने मात्र स्वतः भरपूर पाणी प्यावे. प्रवासात आपण लघवीच्या अडचणीमुळे पाणी टाळतो, ती सवय वाईट. सहा महिन्यांवरच्या बाळाला केळ्यासारखी सोय नाही. देवानेच ते सालीत बांधून दिलेले आहे. ऐन वेळी सोलावे आणि कुस्करून भरवावे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. त्यातून क्वचित फार गंभीर विषबाधा होते.

5 वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत भीती असते ती घशाची. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे, कडक गोळ्या, खोबऱ्याचे तुकडे हे प्रवासात त्यांच्या हाती देऊ नयेत. गाडी आचके खाते, पोर हसते, आणि दाणा श्वासनलिकेत जातो. पण तोच शेंगदाणा खलबत्त्यात बारीक कुटला की चटणी होते, पोळीत भरला की शेंगापोळी होते. म्हणजे जिन्नस टाकायचा नाही, त्याचे रूप तेवढे बदलायचे. लेकरांची चटणी तिखटावाचून निराळी कुटावी. द्राक्षे उभी चिरून, एकाचे चार भाग करून द्यावीत, तीही खायच्या वेळी चिरून. आणि मुख्य म्हणजे, खाणे गाडी थांबवून, मुलाला नीट बसवून. चालत्या गाडीत घास नको.

तरीही अडकलेच तर काय करावे, हे प्रत्येकीला ठाऊक हवे. मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज निघेना, श्वास येईना, तर वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही फऱ्यांच्या मधोमध तळहाताने 5 जोरदार थापा द्याव्यात. नाही निघाले तर मागून कवेत घेऊन, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत आणि वर असे 5 झटके द्यावेत. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर झटके कधीही देऊ नयेत. त्याला हातावर पालथे धरून, डोके खाली ठेवून 5 थापा, आणि मग उताणे करून छातीच्या मध्यावर 5 दाब. निघेपर्यंत आळीपाळीने हेच करावे. दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालू नये, ती आणखी आत जाते. बरोबरच्या माणसाने तेवढ्यात 108 ला फोन लावावा.

आता प्रत्यक्ष बेत सांगते. मुरुमहून पुण्याला निघालो, असे समजा. सोलापूरच्या पुढेच अडीचशे किलोमीटर. पोरे घेऊन थांबत थांबत जायचे, म्हणजे सात-आठ तास धरावेत. नवराबायको आणि दोन मुले, एक सहा वर्षांचे आणि एक दोन वर्षांचे.

सकाळी निघण्याआधी मुलांना अर्धी दशमी किंवा केळे द्यावे. पेलाभर दूध नको. भरल्या पोटी गाडी लागते, आणि रिकाम्या पोटीही लागते. पहिला थांबा नळदुर्गला. निघताना उतरवलेल्या इडल्या तिथेच संपवाव्यात, कारण त्या ओल्या. किल्ला पाहायला वेळ असेल तर बोरी नदीच्या बांधातला पाणीमहाल मुलांना अवश्य दाखवावा. पाय मोकळे होतात आणि डोळ्यांनाही खाऊ मिळतो. दुसरा थांबा सोलापूर ओलांडल्यावर. तिथे मोसंबी किंवा केळे आणि राजगिऱ्याचा लाडू. दुपारचे जेवण म्हणजे कांदा न घालता खरपूस भाजलेले धपाटे आणि शेंगाचटणी. मोठ्यांना माणशी तीन, थोरल्याला दीड, धाकट्याला एक पुरतो. तिसऱ्या प्रहरी शेंगापोळी. याखेरीज एक राखीव पुरचुंडी ठेवावी. कडक भाकरी, चटणी, गूळ. चाक बसले किंवा रस्ता अडला, तरच ती सोडावी.

धपाटे, दशम्या पूर्ण गार झाल्यावरच सुती फडक्यात बांधाव्यात. गरम बांधल्या की वाफेचे पाणी सुटते आणि टिकाऊ पदार्थही दुपारपर्यंत बुरसट वास धरतो. पाणी घरून उकळून गार केलेले, चौघांना सहा लिटर तरी. बरोबर ओ.आर.एस.ची पुडी असावी. ती सबंध पुडी, तिच्यावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात कालवावी. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नये. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आणखी एक सांगते. मुलाने घरी कधी खाल्ला नाही असा पदार्थ प्रवासात पहिल्यांदा देऊ नये.

दुकानातली पुडी कधीच घेऊ नये, असे मी म्हणत नाही. पोर हट्ट करते, आईही माणूस आहे. पण त्यात मीठ फार, तहान वाढते, आणि खऱ्या भुकेच्या वेळी मूल जेवत नाही. म्हणून तिची वेळ जेवणानंतरची ठरवावी.

शेवटी एक बोलते, ते आपल्याविषयीच. घरातली सगळी माणसे झोपलेली असताना बाई चारला उठते, सगळ्यांचे बांधते, आणि गाडीत बसते तेव्हा तीच उपाशी आणि पेंगुळलेली असते. नळदुर्ग केव्हा आले आणि गेले, हे तिला कळतही नाही. असा प्रवास काय कामाचा? शेंगापोळी, चटणी, कडक भाकरी ही आदल्या दिवशी होणारी कामे आहेत, आणि ती वाटून देता येतात. पाणी भरणे यजमानांकडे, फळे धुणे थोरल्याकडे. सहा वर्षांच्या मुलाला आपली पुरचुंडी आपण बांधू द्यावी. जे तो स्वतः बांधतो, ते तो आवडीने खातो. आणि शिदोरीत बांधणारीचा वाटा आधी मोजावा, उरलेसुरले तिचे असे नको. खिडकीजवळची जागाही कधी तिला द्यावी.