अंकांचा हार

राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळीं, इ. स. ९ व्या शतकांत, महावीराचार्यांनीं ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यांत एकापासून सहापर्यंत चढणारी व पुनः एकापर्यंत उतरणारी एक संख्या वर्णिली आहे : १२३४५६५४३२१. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती एकच. अशा संख्यांस आचार्य कंठांतील हाराची उपमा देतात. २७९९४६८१ यांस ४४१ नीं गुणिलें असतां ही संख्या येते.

आतां या हाराचें सूत्र पाहूं. ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा. २१ व ५२९१ यांचा गुणाकार १११११११ नव्हे, बरोबर सहा एक, म्हणजे १,११,१११. अर्थात् आपली संख्या सहा एकांचा वर्ग होय. पाटीवर गुणाकार मांडावा. एकांच्या सहा ओळी एकेक घर डावीकडे सरकतात. बेरजेस उजव्या टोकाच्या घरांत एक, पुढें दोन, असे मधल्या घरांत सहा येतात. मग तसेच उतरतात. हातचा कोठेंच राहत नाहीं.

नऊ एकांपर्यंत हें निभतें : १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरांत दहा जमतात, हातचा एक पुढें जातो व हार तुटतो.

विद्यार्थ्यानें चमत्काराचें कौतुक अवश्य करावें. परंतु तो कोठें संपतो, हेंही पाटीवर पडताळावें. तेथेंच त्याचें कारण सांपडतें.