दुखतंय, हे डॉक्टरांना सांगा



प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला की आजोबांची कंबर दुखू लागते. ते बाम चोळतात, वयाला दोष देतात. आडवं झालं की कळ उठते, म्हणून रात्र खुर्चीत बसून काढतात आणि सकाळी डॉक्टरांसमोर म्हणतात, "तसं बरं आहे." हा सोशिकपणा पाहून जीव तुटतो, कारण या दुखण्यावर इलाज आहे.

या टप्प्यावर आजार सहसा मुळापासून जात नाही, पण उपचारांनी कित्येकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. तो टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं. 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. उपचारांचा पाया आजही तोच आहे: हे हार्मोन रोखायचं. ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर वृषणं काढण्याची छोटी शस्त्रक्रिया करून घ्यायची. ती एकदाच होते आणि खर्चही कमी येतो. पण संकोचापोटी घरात तिचा विषयच निघत नाही. जोडीला अबिरॅटेरॉनसारख्या गोळ्या किंवा केमोथेरपी देता येते.

एखाद्याच हाडात ठणका असेल, तर पुष्कळदा रेडिएशनचा एकच डोस पुरतो. मात्र आराम पडायला आठवडा-दोन आठवडे, कधी थोडे जास्तही लागतात. तोवर, आणि पुढेही लागेल तसं, मॉर्फिन आहे. नाव काढताच घरचे दचकतात: व्यसन लागेल, म्हणजे आता संपलंच! तसं नाही. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही. साधी गोळी चार-चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची. कळ येण्याची वाट पाहायची नाही. शौचाला हमखास घट्ट होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं फार अवघड झालं होतं. 2014 च्या दुरुस्तीनं वाट मोकळी केली, तरी गावोगावी ते अजून सहज मिळत नाही, हे अन्यायाचं आहे. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात आणि पुण्यात वारज्याच्या सिप्ला केंद्रात वेदनाशमनाची सोय आहे.

एक गोष्ट मात्र आजच लक्षात ठेवा. अशा रुग्णाच्या पायांतली ताकद अचानक कमी झाली, पाय बधिर वाटू लागले किंवा लघवी अडली, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. सकाळची वाट पाहू नका. त्याच घटकेला रुग्णालयात न्या.