लोखंड कापणारी हवा



या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून अर्थकारणापर्यंत पुष्कळ विषय होतात. आज आम्ही एका यंत्राविषयी बोलणार आहोत, आणि तेही आमच्या घरच्या अंगणातल्या. आम्ही अभियंते नव्हे. उभी हयात शाळेत विज्ञान शिकविण्यात गेली. परंतु वसईत ज्याचे घर आहे त्याला लोखंडाशी झगडा चुकत नाही. खारा वारा फाटकाच्या पट्ट्या आणि खिडकीचे गज कसा खातो, हे आपणांस सांगायला नको. आमचे फाटक खालून सडले, आणि दर वेळी कारागिराची वाट पाहण्यापेक्षा आपणच शिकावे, अशी बुद्धी आम्हांस साठीनंतर झाली.

आणला तो स्वस्तातला, ४० अँपियरचा प्लाझ्मा कटर. ‘प्लाझ्मा’ हा शब्द या अर्थाने १९२८ साली अर्व्हिंग लँगम्यूर यांनी वापरला. घन, द्रव, वायू यांच्यापुढची ही अवस्था: वायू इतका तापतो की अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होऊन तो वीज वाहू लागतो. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट गेज यांना अशा झोताच्या टॉर्चचे पेटंट १९५७ साली मिळाले. गॅस कटर लोखंडाला प्राणवायूत जाळतो, म्हणून स्टेनलेस स्टील त्याला दाद देत नाही. प्लाझ्मा धातू वितळवतो आणि हवेच्या जोराने उडवून देतो. वर्गात ही चौथी अवस्था आम्ही दहा मिनिटांत उरकीत असू. हाताळायला शिकण्यास दोन महिने लागले.

गुरू लाभला तो वालीवच्या एका गाळ्यात फॅब्रिकेशन करणारा आमचाच जुना विद्यार्थी. “सर, हात दाबू नका. पत्र्याखालच्या ठिणग्या बघा,” तो म्हणाला. ठिणग्या खाली किंचित मागे रेलून पडल्या तर वेग बरोबर. वर उसळल्या तर आपण घाई करतो आहोत, काप आरपार जात नाही. सरळ खाली पडून कडेला जाड स्लॅग चिकटू लागला तर रेंगाळलो. पुस्तकात हे आम्हांस एका ओळीतही सापडले नव्हते.

पण खरी अडचण हाताची नव्हती, हवेची होती. यंत्राला मिनिटाला शंभर लिटरांहून अधिक दाबलेली हवा लागते, आणि वसईची हवा म्हणजे अर्धे पाणीच! (ही अतिशयोक्ती आहे, पण जून महिन्यात फारशी नाही.) हवा दाबली की तापते, थंड होताना तिच्यातले पाणी सुटते. ते टॉर्चमध्ये गेले की झोत फुरफुरतो आणि टोकाचे तांब्याचे नोझल खराब होते. आतल्या इलेक्ट्रोडमध्ये हाफ्नियम धातूचा बारीक खिळा असतो. त्यालाही दीड मिलिमीटरचा खळगा पडला की तो टाकून द्यावा. आम्ही पहिल्या पावसाळ्यात डझनभर नोझले घालवली आणि दोष यंत्राच्या स्वस्तपणाला दिला. वस्तुतः पाणी पकडण्याची बाटली आम्ही कंप्रेसरच्या तोंडाशीच लावली होती. तिथे हवा गरम, पाणी वाफेच्या रूपात. ते बाटलीतून खुशाल निघून जाई. विद्यार्थ्याने सात-आठ मीटर नळी मध्ये घातली, बाटली टॉर्चजवळ आणली आणि टाकीखालचा कॉक रोज उघडायला सांगितले. त्यानंतर एक नोझल कितीतरी दिवस टिकू लागले.

टॉर्चमधली वीज वेल्डिंगपेक्षा चढी असते, दोनशे व्होल्टांहून अधिक. नोझल बदलताना स्विच बंद करून प्लगही काढावा. डोळ्यांना साधा गॉगल उपयोगी नाही. आम्ही सहा नंबरची काच वापरतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा बंद खोलीत कापू नये, त्या धुराने ताप येतो.

आता जे सांगायला संकोच वाटतो ते सांगतो. गेल्या मे महिन्यात फाटकाची खालची पट्टी कापली, यंत्र आवरले आणि जेवायला बसलो. कुंपणाकडेला वाडीतल्या केळीची वाळकी पाने आम्हीच रचून ठेवली होती. तासाभराने सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, काहीतरी जळतंय.” ठिणगी ढिगात शिरून आत धुमसत होती. आम्ही पोचलो तेव्हा ज्वाळा शेजाऱ्यांच्या छपराच्या झावळ्यांना हातभर अंतरावर होती, आणि त्या छपराखाली त्यांची म्हातारी आई दुपारची निजलेली. दोघा शेजाऱ्यांनी आणि आम्ही विहिरीवरून बादल्या ओतल्या. म्हातारीला आधी बाहेर आणले. ती रागावली ती झोपमोड झाल्याबद्दल; कारण तिला आम्ही त्या दिवशी सांगितले नाही, दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितले.

आता कापण्याआधी दहा-बारा पावले जागा झाडून ओली करतो, पाण्याची बादली भरून ठेवतो, आणि काम संपल्यावर तासभर अंगणात खुर्ची टाकून बसतो. म्हातारी कुंपणापलीकडून हाक मारते, “मास्तर, झालं का तुमचं कापून?” आम्ही म्हणतो, “झालं, आजी, अजून बसलोय.”