दोन रकाने आणि मधली मुलं



आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. कुठल्या अर्जात कुठला रकाना भरायचा हे आपल्याला घरी कुणी शिकवलं नाही. आज मी रकान्यांबद्दलच बोलणार आहे, कारण आरोग्याचं धोरण तिथूनच सुरू होतं.

2011 च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांशिवाय 'इतर' या रकान्यात 4,87,803 जणांची नोंद झाली. त्यांत 78,811 जण अनुसूचित जातींचे होते, म्हणजे शंभरात सोळा. कार्यकर्ते ही संख्या अपुरी मानतात. तरी जात आणि लिंगओळख एकत्र मोजता येते, एवढं त्यातून सिद्ध होतं. आरोग्याच्या पाहणीत मात्र हे घडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी जात विचारते, लैंगिक कल विचारत नाही. एचआयव्ही कार्यक्रमात समूह ठरतात ते जोखमीवरून, जातीवरून नाही. मग एकोणीस वर्षांचा दलित गे मुलगा किंवा आदिवासी लेस्बियन मुलगी कुठल्या अहवालात सापडणार?

त्यात एचआयव्हीच्या वाटेने सरकारच्या नजरेत आलेला माणूस संसर्गाचा धोका म्हणून येतो. त्याची झोप, भीती, घरातली मारहाण, आत्महत्येचे विचार त्या नोंदवहीत बसत नाहीत. किशोरांसाठी 2014 पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, वय 10 ते 19. त्यात गावपातळीवर मुलांमधून मुलगे आणि मुली 'साथी' म्हणून निवडायचे असतात. या दोन्हींत न बसणाऱ्याने कुणाकडे जायचं? आरोग्यसेविका ओळखीची, साथी शेजारचा. वस्तीत गोष्ट फुटायला वेळ लागत नाही. आणि जातीच्या जाचात पाठीशी उभी राहते ती वस्तीच. ती तुटली तर आपल्या मुलांना परवडेल असा दुसरा आसरा नसतो.

आता एक साधी साखळी बघा. घरातून हाकललेल्या मुलाला जातीचा दाखला आणि पडताळणी हवी असेल, तर वडिलांकडच्या नातेवाइकांचे पुरावे लागतात. ते मिळत नाहीत. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, शिष्यवृत्ती नाही म्हणून वसतिगृह नाही. ट्रान्स विद्यार्थ्याचं नाव बदललं की जुने आणि नवे कागद जुळत नाहीत. शेवटी हा मुलगा दवाखान्यात पोचतो तेव्हा डॉक्टर 'नैराश्य' लिहितात. त्या चिठ्ठीवर तहसील कार्यालयाचं नाव कधीच नसतं.

आरक्षणातही हाच पेच आहे. 2014 च्या नालसा निकालाने ट्रान्सजेंडर व्यक्तींना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानायला सांगितलं. पण सगळ्यांना ओबीसीत टाकलं, तर दलित ट्रान्स व्यक्तीने कुठली ओळख सोडायची? म्हणून तमिळनाडूच्या ग्रेस बानू यांच्यासारखे कार्यकर्ते समांतर आरक्षण मागतात, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत वाटा. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत असा 1 टक्का ठेवला.

कायद्यात आधार आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 18 उपचारात भेदभाव नको म्हणतं. त्यात लैंगिक कल आणि जात एकाच यादीत आहेत. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'समलैंगिकता बरी करण्याच्या' उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. कायदा दोन्ही गोष्टी एकत्र पाहतो, धोरणानेही पाहाव्यात.

म्हणून तीन मागण्या. पाहण्यांमध्ये नाव न घेता, संमतीने, दोन्ही प्रश्न विचारा. घर सुटलेल्या विद्यार्थ्यांना दाखल्यासाठी आणि वसतिगृहासाठी वेगळी वाट द्या. आणि जिथे निर्णय होतात त्या समित्यांवर, अगदी रुग्ण कल्याण समितीपासून, दलित, आदिवासी, मुस्लिम क्वीअर तरुणांना बसवा.

'हा आपला प्रश्न नाही' असं आपल्यातही म्हटलं जातं. 1934 मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या लैंगिक प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा उच्च न्यायालयात त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. खटला हरला. तरी लैंगिक आरोग्याबद्दल बोलणं हे आपल्या चळवळीचं काम आहे, हे तेव्हाच ठरलं.

तुम्हाला अर्ज लिहिता येतो. आपल्या जिल्ह्यात किशोर आरोग्य दवाखाने किती, समुपदेशकांची पदं किती भरली, त्यांना या विषयाचं प्रशिक्षण मिळालं का, हे माहिती अधिकारात विचारा. उत्तर आलं की ते घेऊन पुढच्या बैठकीला या.

जय भीम.